मेलबर्नला येताना ताम्हण आणा

बॅगेचं वजन वाढलं की बहुतेकजण आधी ताम्हण बाहेर काढतात आणि लोणच्याच्या बरण्या ठेवतात. लोणचं इथे डँडेनाँग उपनगरातल्या फॉस्टर स्ट्रीटवर हवं तेवढं मिळतं. हाताने ठोकलेलं जाड ताम्हण मला इतक्या वर्षांत इथल्या दुकानात दिसलेलं नाही.

ताम्हण, पळी, पंचपात्र आणि कलशासाठी एक तांब्या, एवढं पुरे. पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा आणि मठारकाम केलेलं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी घडवलेलं, हाताला वजन लागेल असं घ्या. खिशात लोहचुंबक असू द्या. तो चिकटला तर आत लोखंड आहे, वरून नुसता तांब्याचा मुलामा. शोभेच्या वाडग्यांना चकाकी टिकावी म्हणून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारतात. त्यात फुलं तरंगवा, तीर्थ नको.

कलशात तांदूळ, सुपाऱ्या, हळकुंडं भरून जागा वाचवू नका. धान्य, बिया, पानं, जे काही असेल ते विमानतळावर जाहीर करावंच लागतं. लपवलं तर दंड जबर आहे. या देशाला आपली शेती जपायची आहे आणि त्यात काही चूक नाही.

आता हे मात्र नीट ऐका. ताम्हणात कापूर पेटवून ते ओट्यावर ठेवू नका. आमच्या पहिल्या गणपतीला भाड्याच्या घरात मी तेच केलं. तांब्यातून उष्णता लगेच खाली उतरते. आरती संपेपर्यंत ओट्याच्या लॅमिनेटवर ताम्हणाएवढं काळं वर्तुळ उमटलं होतं. घर सोडताना सगळा ओटा बदलावा लागला आणि बॉण्डचे, म्हणजे घरभाड्याच्या अनामत रकमेचे, जवळजवळ सगळे पैसे गेले. तेव्हा आम्हा दोघांपैकी एकालाच नोकरी होती. पुढे ओळखीच्या तीन घरांत मी तसंच वर्तुळ पाहिलं, तिन्ही घरं नवीन आलेल्यांची. कापूर कापूरआरतीतच लावा आणि तिच्याखाली लाकडी पाट ठेवा. पाट नसेल तर जाड पोळपाट चालेल. पण काहीतरी ठेवाच.

धूर झाला तर खिडकी उघडा, अपार्टमेंटचं मुख्य दार नको. धूर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेला की साऱ्या इमारतीचा अलार्म वाजतो, अग्निशमन दल येतं आणि मागून बिलही येऊ शकतं.

पंचामृत तांब्याच्या भांड्यात कालवू नका, दह्याने ते कळकतं. चांदीची किंवा स्टीलची वाटी घ्या. अभिषेक ताम्हणात करायला हरकत नाही, पण झाल्याबरोबर धुवा.

भांडी काळी पडली म्हणून कपाटात टाकून देणारी आपली माणसं पाहिली की मला फार वाईट वाटतं. घासायला पाच मिनिटं लागतात. डिशवॉशरमध्ये घालू नका. आमसुलाचं सार झालं की उरलेली आमसुलं मीठ लावून ताम्हणावर चोळा, धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी डाग दिसतात.