फरक-नकाशातील उरलेली शिखरे वाचताना या चुका टाळा

क्ष-किरण मोजणीवरून काढलेल्या स्फटिकरचनेचे रिफाइनमेंट (मॉडेल मोजणीशी जुळवत नेणे) संपत आले तरी फरक-नकाशात, म्हणजे मोजलेली आणि मॉडेलवरून काढलेली इलेक्ट्रॉन-घनता यांतील फरकाच्या नकाशात, काही शिखरे उरतातच, आणि प्रोग्राम त्यांना क्यू-१, क्यू-२ अशी नावे देतो. ही नावे उंचीच्या क्रमाने दिलेली असतात. त्या जागी अणू आहे असे त्यांतून मुळीच सिद्ध होत नाही. रत्नागिरी-कणकवलीकडच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी स्फटिक स्वतः वाढवतात, पण मोजणी बहुधा मुंबई-पुण्याच्या यंत्रावर होते. मोजणीच्या वेळी स्फटिक कसा दिसत होता हे पाहायला मिळालेले नसल्यामुळे, हाती आलेल्या फाइलमधील प्रत्येक त्रुटी मॉडेलमध्ये अणू वाढवून भरून काढण्याचा मोह होतो.

म्हणून उंची पाहण्याआधी अंतर पाहावे. तांबे, ब्रोमीन किंवा आयोडीन यांसारख्या जड अणूपासून साधारण १ अँगस्ट्रॉमच्या (मीटरचा एक हजार-कोटीवा भाग) आत १ ते २ इलेक्ट्रॉन प्रति घन अँगस्ट्रॉम उंचीचे शिखर दिसले, तर तेथे दुसरा अणू मावणारच नाही. हा दोष बहुतेक वेळा अपुऱ्या अ‍ॅब्सॉर्प्शन करेक्शनचा (स्फटिकाने शोषलेल्या क्ष-किरणांसाठीच्या दुरुस्तीचा) असतो, किंवा मोजणी ठरावीक रिझोल्यूशनला (तपशिलाच्या मर्यादेला) थांबल्यामुळे फूरिये बेरजेत (लहरी जोडून नकाशा बनवणाऱ्या गणितात) उठणाऱ्या तरंगांचा असतो. सुईसारखा लांब किंवा पातळ पापुद्र्यासारखा स्फटिक असेल तर करेक्शन स्फटिकाच्या प्रत्यक्ष आकारावरून पुन्हा करून पाहावे. याउलट कार्बन-कार्बन बंधाच्या मध्यावर ०.२ ते ०.३ उंचीची शिखरे दिसली तर आनंदच मानावा, कारण ती बंधातील इलेक्ट्रॉनांची असतात आणि डेटा चांगला असल्याचेच दाखवतात.

अणूचे मूलद्रव्य चुकले असेल, तर खूण त्या अणूवरच उमटते. नायट्रोजनच्या जागी कार्बन ठेवल्यास त्या ठिकाणी धन घनता उरते आणि त्याचे कंपनमूल्य (अणू आपल्या जागेभोवती किती हलतो ते दाखवणारा आकडा) शेजाऱ्यांच्या मानाने विनाकारण लहान होते. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन ठेवल्यास ऋण खड्डा पडतो आणि कंपनमूल्य फुगते. खड्ड्यांची यादी न वाचता फक्त शिखरांची वाचणे ही फार मोठी चूक आहे.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते, आणि आपल्याकडे त्याला हवामानाचीही जोड मिळते. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या चंचुपात्रात मंद बाष्पीभवनाने वाढवलेला स्फटिक हवेतले पाणी सहज धरतो, आणि मोजणीसाठी कोरड्या खोलीत गेल्यावर त्यातले काही सोडूनही देतो. अशा वेळी पोकळीत दिसणारे शिखर पूर्ण ऑक्सिजन समजून टाकले तर त्याचे कंपनमूल्य वाढत जाते. आधी ऑक्युपन्सी (ती जागा किती प्रमाणात भरलेली आहे तो आकडा) मोकळी सोडावी, नंतर हायड्रोजन-बंधासाठी योग्य, म्हणजे साधारण २.७ ते २.९ अँगस्ट्रॉमवर, हायड्रोजन देणारा (दाता) किंवा घेणारा (ग्राही) अणू आहे का ते तपासावे, आणि तसा शेजारी नसेल तर तेथे पाणी मानू नये. उन्हाळ्यात वाढवलेल्या नमुन्याशी तुलना केल्यास खूप गोष्टी स्पष्ट होतात, असा माझा अनुभव आहे.

परक्लोरेट आयनाच्या (एका क्लोरीनभोवती चार ऑक्सिजन) क्लोरीनपासून सुमारे १.४ अँगस्ट्रॉमवर, ऑक्सिजनांच्या मधोमध शिखरे येत असतील तर आयन डिसऑर्डर झालेला, म्हणजे एकाच जागी दोन वेगळ्या स्थितींत बसलेला आहे. दोन्ही स्थितींच्या ऑक्युपन्सींची बेरीज १ ठेवून, अंतरांवर बंधने घालूनच तो विभागावा.

शिखरे कुठेही, रसायनशास्त्राला न जुमानता विखुरलेली असतील तर डेटाकडे परतावे. सर्वांत विसंगत परावर्तनांच्या (स्फटिकातून विशिष्ट दिशांना निघालेल्या क्ष-किरणांच्या) यादीत मोजलेली तीव्रता जवळजवळ प्रत्येक ठिकाणी गणितापेक्षा जास्तच असेल, तर ट्विनिंगची (दोन स्फटिक वेगळ्या दिशांनी एकत्र वाढल्याची) शक्यता आधी तपासावी. अशा वेळी अणू वाढवून आर-मूल्य (मॉडेल आणि मोजणी यांतील तफावतीचा आकडा) थोडे खाली आले म्हणून समाधान मानणे मला घातक वाटते.

विखुरलेला द्रावक ओळखताच न आल्यास ‘स्क्वीझ’ (पोकळीतील द्रावकाचा वाटा डेटातून वजा करणारी पद्धत) वापरता येते, मात्र शेवटचा उपाय म्हणूनच. पोकळीत ४० इलेक्ट्रॉन निघाले म्हणजे डायमिथाइलफॉर्मामाइडचा १ रेणू, की पाण्याचे ४? दोघांचेही इलेक्ट्रॉन ४०च भरतात, त्यामुळे हा निर्णय नकाशा देऊ शकत नाही. तापवून वजनातील घट मोजावी लागते. वजा केलेले इलेक्ट्रॉन, पोकळीचे आकारमान आणि उरलेले सर्वांत उंच शिखर कोणत्या अणूपासून किती अंतरावर आहे, हे तिन्ही सीआयएफ फाइलमध्ये (स्फटिकरचनेची माहिती नोंदवण्याच्या प्रमाणित फाइलमध्ये) लिहावे.