ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये दशांश स्वल्पविराम: माझा अनुभव

पुण्यात नीट चालणारा ॲक्सेसचा (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमचा) फॉर्म जर्मनीतल्या संगणकावर अडला. दराच्या रकान्यात 12 भरला की सेव्ह व्हायचा. 12,5 भरला की इन्सर्टमध्ये (टेबलमध्ये नवी नोंद घालताना) 3346 नंबरची एरर. म्हणजे व्हॅल्यू आणि फील्ड यांची संख्या जुळत नाही. तिकडे दशांशचिन्ह स्वल्पविराम असल्यामुळे मजकूर जोडून बनवलेल्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) 12,5 च्या दोन व्हॅल्यू होत होत्या.

आधी रिप्लेस फंक्शनने स्वल्पविरामाचा टिंब केला. 1.250,50 चं 1.250.50 झालं. विंडोजचं रीजन बदललं, तर त्याच संगणकावरच्या एक्सेल शीट्सचे आकडे वेगळे दिसायला लागले. दोन दिवस यातच गेले.

शेवटी चाललं ते असं. आधी टेबलमधल्या फील्डचा प्रकार डबल (दशांश चालणारा आकडा) केला आणि टेक्स्टबॉक्सचा फॉरमॅट जनरल नंबर ठेवला. मग इन्सर्टची क्वेरी सेव्ह करून तिच्या पहिल्या ओळीत पॅरामीटर्स लिहून दराचा प्रकार डबल दिला. कोडमध्ये क्वेरीडेफ (तीच सेव्ह केलेली क्वेरी) उघडून टेक्स्टबॉक्सची व्हॅल्यू थेट त्या पॅरामीटरला दिली आणि एक्झिक्यूट केलं. आकडा मजकूर होऊन एसक्यूएलमध्ये जातच नाही, म्हणून चिन्हाचा प्रश्नच उरत नाही.

फिल्टर किंवा डीलुकअपच्या (टेबलमधून एक व्हॅल्यू शोधणाऱ्या फंक्शनच्या) अटीत मजकूर जोडावाच लागतो. तिथे आकड्याचा मजकूर करायला सीएसटीआर (CStr) नको, एसटीआर (Str) वापरा. ते कुठल्याही रीजनमध्ये टिंबच देतं.

आणि मजकुराचा आकडा करणारं व्हॅल (Val) फंक्शन टाळाच. ते स्वल्पविरामापाशी थांबतं. आपल्याकडेही 1,25,000 हा मजकूर दिला, तर त्याचं उत्तर फक्त 1 येतं, तेही एरर न देता. तिथे सीडीबीएल (CDbl) वापरा.