नकली साइट शोधनिकालातून काढताना

मूळ साइटची नक्कल करणारी साइट शोधनिकालातून काढा, अशी कॉपीराइटची तक्रार गूगलकडे केली होती. ती अडली ‘डिझाइन चोरलं’ या एका वाक्यामुळे. नुसत्या मांडणीवर, रंगसंगतीवर कॉपीराइटचा दावा टिकणं अवघड. मजकूर, फोटो, चित्रं आणि लिहिलेला कोड यांवर तो ठामपणे करता येतो. दुसऱ्या अर्जात नकली पानांचे पूर्ण पत्ते आणि प्रत्येकासमोर मूळ पानाचा पत्ता दिला, तेव्हा काम झालं. फक्त डोमेन देऊन भागत नाही. त्याआधी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर दोन्ही पानं जतन करा, कारण नोटीस पोचताच नकली पान बदललं जातं.

गूगल दुवा काढतं, साइट तशीच चालू राहते. म्हणून होस्टिंग कंपनीला, म्हणजे साइट जिच्या सर्व्हरवर आहे तिला, वेगळी नोटीस हवीच. अमेरिकी होस्ट असेल आणि समोरच्याने १९९८च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार ‘पान चुकून काढलं’ अशी प्रतिनोटीस दिली, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत पान परत येतं. ते रोखायचं तर त्याआधी कोर्टात दावा दाखल करावा लागतो.