शनिवारी हॅश जुळवायला बसायच्या आधी

पोट्टेहो, शनिवारी सीताबर्डीच्या ऑफिसात त्या दुकानाच्या हार्डडिस्क तपासायला बसायचं आहे. हॅश म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा अक्षर-आकड्यांचा ठसा, अन् एनएसआरएल म्हणजे ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या हॅशची यादी, तिच्याशी आपल्याला जुळवायचं आहे. तर ती यादी आजच घरून डाउनलोड करून ठेवा, तिथं बसून करू म्हणाल तर संध्याकाळ होईल अन् यादी येतच राहील. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेची आहे, फुकट आहे, दर तीन महिन्यांनी नवी निघते, म्हणून मागच्या वर्षीची कोणाच्या लॅपटॉपवर पडली असेल ती नका आणू. मॉडर्नवाला मिनिमल संच घ्या, अँड्रॉइड अन् आयओएसचे वेगळे असतात ते सध्या नको. एसक्यूलाइट डेटाबेस आहे, झिप उघडली की चांगलीच फुगते, एसएसडीवर जागा रिकामी करून या.

राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं यंत्र, लागेलच. मूळ डिस्कला हात नाही लावायचा, इमेज, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल, काढायची अन् तिचा हॅश लगेच लिहायचा, कारण कोर्टात द्यायच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या सर्टिफिकेटमध्ये तो भरावा लागतो, 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या 65बी च्या जागी हेच आहे. कोरा फॉर्म प्रिंट करून आणा.

हॅश शा-256 पद्धतीनं काढा, सोबत शा-1 अन् एमडी5 पण, कारण जुन्या याद्यांमध्ये तेच असतात. अक्षरं मोजली की कळतं कुठला आहे ते, 32 म्हणजे एमडी5, 40 म्हणजे शा-1, 64 म्हणजे शा-256. पण नुसत्या जुन्या दोघांवर भिस्त नको, 2017 मध्ये गूगल अन् अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेनं एकच शा-1 असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या होत्या. शून्य बाइटच्या फाइली आधीच बाजूला काढा, त्या सगळ्यांचा एमडी5 डी41डी8सीडी98एफ असाच सुरू होतो अन् जुळल्याचा आकडा उगाच फुगतो.

आता मुख्य गोष्ट, अन् इथंच सगळे घोळ घालतात. यादीत सापडली म्हणजे फाइल ओळखीची आहे, चांगली आहे असं नाही, त्या यादीत हॅकिंगची टूल्स पण आहेत. अन् नाही सापडली म्हणजे व्हायरस असंही नाही बाप्पा. फाइलीचं नाव बदललं तरी हॅश तोच राहतो, पण नोटपॅडमध्ये उघडून एक स्पेस टाकून सेव्ह केली की सगळा बदलतो, त्यामुळे सेटिंगच्या फाइली जुळणारच नाहीत, त्यांच्यामागे दुपार घालवू नका. इन्स्टॉलरचा हॅश वेगळा अन् त्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक फाइलीचा वेगळा, म्हणून सेटअपची एक्झी जुळली नाही तरी आतलं उघडून पुन्हा काढा. आपलं काम ओळखीचा ढीग बाजूला सारून उरलेलं डोळ्यांनी बघायचं, एवढंच.

त्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर इथल्याच पोरानं बनवलं आहे, ते अमेरिकेच्या यादीत असेल असं धरून चालू नका. त्याला फोन करून तेच व्हर्जन मागवा, कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर) टाका, हॅशडीप या टूलनं सगळ्या फाइलींची यादी काढा, व्हर्जन अन् तारीख लिहून ऑटोप्सी या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा हॅश सेट म्हणून जोडा. आधी जोडा, नंतर नाही, नाहीतर सगळी इमेज पुन्हा चालवावी लागते.

यूपीएस मी आणतो, एक्स्टेन्शन बोर्ड कोणीतरी आणा, तिथं भिंतीतला एकच प्लग चालतो अन् तो कूलरला लागलेला असतो.