जुन्या स्पोर्ट्‌स कारसाठी ऑल-सीझन टायर कसे निवडावेत

जुन्या स्पोर्ट्‌स कारचे टायर सहसा झिजून नव्हे, तर वय होऊन बाद होतात. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरणारी गाडी सहा वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर धावते. तोवर नक्षी बऱ्यापैकी शिल्लक असते, पण रबर कडक झालेले असते. अशा गाडीला एक लाख किलोमीटर टिकणारा टायर घेतला, तर त्यातले निम्म्याहून जास्त आयुष्य न वापरताच फेकून द्यावे लागते, आणि टिकाऊपणासाठी पकड गमावलेली असते ती वेगळीच. म्हणून टिकाऊपणाचा आकडा बाजूला ठेवा आणि पकडीसाठी पैसे मोजा.

इथे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (१९८९ ते १९९७) डोळ्यांसमोर ठेवली आहे. अमेरिकेत ती मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर. वजन साधारण एक टन, ताकद मागच्या चाकांवर, आणि अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये आजही भरपूर गाड्या वापरात आहेत. गाडी दुसरी असली तरी पायऱ्या याच, आकडे तेवढे बदलतील.

पायरी १ : ऑल-सीझन खरेच हवेत का?

उन्हाळी परफॉर्मन्स टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि ओल्या रस्त्यावर अचानक सुटते. गोठणबिंदूच्या खाली तर काही टायरांचे ट्रेड ब्लॉक (नक्षीचे ठोकळे) नुसत्या हालचालीनेही तडकू शकतात, म्हणून थंड गॅरेजमधून अशी गाडी बाहेर काढूच नये. गाडी फक्त मे ते सप्टेंबर चालत असेल तर उन्हाळी टायरच उत्तम. पण ओहायो-मिशिगनमध्ये मार्चअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, किंवा सिएटलच्या पावसाळी थंडीत वर्षभर चालवायची असेल, तर ऑल-सीझनला (उन्हाळ्यात आणि थंडीतही चालणाऱ्या टायरला) पर्याय नाही. रोज बर्फातून जायचे असेल तर मात्र हिवाळी टायरांचा वेगळा संच घ्या. हलक्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला परफॉर्मन्स ऑल-सीझन बर्फात घरी परत आणतात, रोज नेत नाहीत.

मुंबई, पुणे, गोव्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे पारा ७ अंशांपर्यंत क्वचितच उतरतो. ‘ऑल-सीझन’ या शिक्क्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा साधा परफॉर्मन्स टायर घाटातल्या पावसात जास्त उपयोगी पडेल.

कायदाही पाहून घ्या. टायरवरचा ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) हा शिक्का फक्त नक्षीच्या रचनेवर मिळतो, त्यासाठी बर्फावर चाचणी होत नाही. तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण हे चिन्ह मात्र प्रत्यक्ष बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे डोंगराचे चिन्ह लागतेच. जर्मनीतही ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत नुसता एम+एस चालत नाही. कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक महामार्गांवर ऑक्टोबरपासून दोन्हींपैकी एक शिक्का पुरतो, पण किमान ३.५ मिमी नक्षी हवी. परफॉर्मन्स ऑल-सीझनपैकी बऱ्याच टायरांवर फक्त एम+एस असतो, त्यामुळे दुकानात विचारून न थांबता साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) स्वतः चिन्ह शोधा.

पायरी २ : मूळ माप शोधा

सध्या बसवलेल्या टायरवर विश्वास ठेवू नका. तीस वर्षांत तीन-चार मालकांच्या हातून गेलेल्या गाडीचे रिम बदललेले असण्याची शक्यता दाट असते. माप ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत पाहा. या मियाटाचे मूळ माप आहे १८५/६० आर १४, ८२ एच. म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंच. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किमी. हवा चारही चाकांत २६ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड), टायर थंड असताना.

पायरी ३ : १४ इंच ठेवायचे की १५ वर जायचे?

इथे बहुतेक जण अडकतात, कारण १४ इंची रिमसाठी चांगले परफॉर्मन्स ऑल-सीझन मिळणे अवघड झाले आहे. त्या वर्गातले बहुतेक टायर आता १६-१७ इंचांपासून पुढे बनतात. १४ इंचांत हाती लागतात ते एच गतीचे टुरिंग टायर (पकडीपेक्षा आराम आणि टिकाऊपणाकडे झुकलेले). चांगल्यापैकी टुरिंग टायरही या गाडीला वाईट नाही. साइडवॉल उंच असल्याने जुन्या सस्पेन्शनला तो झेपतो आणि पकड सुटायच्या आधी सांगून सुटते. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर १४ वरच राहा.

बदलायचेच असेल तर आधी कागदावर गणित करा. रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी गुणिले दोन, त्यात रिमचा व्यास मिळवा (एक इंच म्हणजे २५.४ मिमी). १८५/६० आर १४ चा एकूण व्यास येतो ५७७.६ मिमी. १९५/५० आर १५ चा येतो ५७६ मिमी, म्हणजे फरक नगण्य. स्पीडोमीटर बरोबर राहतो, गिअरिंग बदलत नाही. २०५/५० आर १५ घेतला तर ५८६ मिमी, दीड टक्का मोठा. रिम रुंद असेल तर मागच्या फेंडरच्या आतल्या कडेला घासू शकतो. १९५/५५ आर १५ तर ५९५.५ मिमी, म्हणजे तीन टक्क्यांहून मोठा. गाडी उंच दिसते, वेग पकडताना जड वाटते. तो टाळा.

रुंदीचा मोह आवरा. एक टनाच्या गाडीखाली रुंद टायर गेला की तेच वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरते आणि साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना हातही भरून येतात. १९५ पुरे आहे. त्यासाठी ६ ते ७ इंच रुंद रिम, ४ × १०० बोल्टची मांडणी आणि ५४.१ मिमी मधले भोक हवे. रिमचे भोक मोठे असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) बसवा, नाहीतर चाक नेमके मध्यावर बसत नाही.

पुढे-मागे वेगळी मापे असलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. पोर्शे ९११ करेरा ३.२ वर १६ इंची रिम असतील तर पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० लागतात. दोन्ही मापांत एकाच मॉडेलचा टायर मिळतो का, हे सर्वात आधी पाहा. इंजिन मागे असलेल्या गाडीत पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्या कंपनीचा टायर घालून तोल बिघडवू नका. तारांच्या चाकांवर चालणाऱ्या एमजीबीसारख्या गाडीत ट्यूब लागते. अनेक आधुनिक ट्यूबलेस टायर आतून खरखरीत असतात आणि तीच खरखर ट्यूब कापते, म्हणून ट्यूबसह चालेल असे निर्मात्याने सांगितलेलेच टायर घ्या.

पायरी ४ : भार, वेग आणि एक्सएल

भार आणि वेगाचा आकडा मूळापेक्षा कमी कधीच नको. पण भाराचा आकडा गरज नसताना वर चढवणेही बरे नाही. एक्सएल लिहिलेला टायर जास्त भारासाठी बनतो, त्याची साइडवॉल कडक असते. ८२ भाराचे चार टायर १९०० किलो पेलतात. मियाटाला दोन माणसांसह याहून जास्त काही नको. एक्सएल घातला तर लहान खड्ड्यांवरही गाडी आदळते, आणि मऊ सस्पेन्शनची ही गाडी चालवण्यातली मजा तिथेच जाते. साधा आणि एक्सएल दोन्ही मिळत असतील तर साधा घ्या.

पायरी ५ : साइडवॉलवरचे ग्रेड वाचा

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर यूटीक्यूजी या सरकारी दर्जापद्धतीचे तीन ग्रेड असतात; त्यांतले दोन इथे पाहू. ट्रेडवेअर ५०० म्हणजे चाचणीत १०० च्या संदर्भ टायरपेक्षा पाचपट टिकला. पण हा आकडा निर्माताच ठरवतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र कमी आकडा म्हणजे बहुधा मऊ रबर. सुरुवातीला सांगितलेला हिशेब इथे कामी येतो: वर्षाला पाच हजार किमी असेल तर ४०० आणि ७०० यांत ४०० निवडा.

ट्रॅक्शन एए, ए, बी, सी अशा श्रेणीत येतो. तो फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरची पकड सांगतो. वळणावरची पकड त्यात मोजलीच जात नाही. तरीही ए च्या खाली जाऊ नका.

पायरी ६ : नक्षी हातात घेऊन पाहा

नव्या ऑल-सीझनची नक्षी बहुधा १०/३२ इंच, म्हणजे सुमारे ८ मिमी खोल असते. खोल नक्षीत बारीक चिरा जास्त असतील तर ब्लॉक वळणावर डोलतात आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित उशिरा वळते. म्हणून खांद्याकडचा मोठा ब्लॉक अंगठ्याने बाजूला ढकलून पाहा. तो सहज वाकत असेल तर बर्फासाठी छान, घाटासाठी नाही. खांद्याला मोठे, एकमेकांना जोडलेले ब्लॉक आणि मधोमध अखंड पट्टा असलेली असममित नक्षी या गाडीला शोभते. कॉन्टिनेंटलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस टायरच्या नक्षीत कोरडे, ओले आणि बर्फ यांची तीन इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. बर्फाचे अक्षर झिजून गेले की तो बर्फासाठी संपला. अशी सोय नसलेल्या टायरात ४ मिमीची खूण धरा.

मियाटाची हवा मुळातच कमी असते, म्हणून पाणी बाहेर फेकायला नक्षी जास्त महत्त्वाची. नासाच्या जुन्या सूत्रानुसार २६ पीएसआयचा गुळगुळीत टायर पुरेशा खोल पाण्यावर ताशी सुमारे ८५ किमीलाच तरंगू लागतो. महामार्गावर तो वेग आपण सहज ओलांडतो. कायदा १.६ मिमीपर्यंत मुभा देत असला तरी पावसात चालणारी गाडी ३ मिमीला टायर मागते.

पायरी ७ : जन्मतारीख

साइडवॉलवरच्या डीओटी (अमेरिकी परिवहन विभाग) क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, म्हणून बसवण्याआधी दोन्ही बाजू पाहा. शेवटी तीनच अंक असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. तो कितीही नवा दिसला तरी काढून टाका. कमी खपाची मापे गोदामात पडून राहतात, त्यामुळे मागवतानाच ‘एका वर्षाच्या आतले’ असे स्पष्ट सांगा. सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासणी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर बाद. टायर नेहमी चारही एकदम घ्या. दोनच बदलणे भाग पडले तर नवे मागे, कारण मागची पकड आधी सुटली की ही गाडी गर्रकन फिरते.

पायरी ८ : बसवून घेणे

टायर निघाला की रिमची आतली कड पाहा. जुन्या अलॉयवर पांढरा गंज चढतो आणि हवा हळूहळू झिरपत राहते; वायर ब्रशने साफ करून घ्या. रबरी व्हॉल्व्ह नवे टाका. बॅलन्सिंगच्या बाबतीत ही गाडी फार नाजूक आहे. थोडे जरी कमी-जास्त राहिले तरी ताशी १०० किमीच्या आसपास स्टीअरिंग थरथरते. शक्य असेल तिथे रोड-फोर्स (चाकावर भार देऊन तपासणाऱ्या) यंत्रावर बॅलन्स करून घ्या. एअर गनने नट आवळू देऊ नका. टॉर्क रेंचने ९० ते ११५ न्यूटन मीटर, आणि ८० किमी धावल्यावर पुन्हा तपासा.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) त्याच आठवड्यात करा. त्याच्या दोन-तीन दिवस आधी सस्पेन्शनच्या एक्सेन्ट्रिक बोल्टवर (जे फिरवून चाकांचा कोन बदलतात) गंज सैल करणारे तेल रोज मारून ठेवा. तीस वर्षांचे हे बोल्ट अडकलेले असतात आणि दुकानदार ‘होत नाही’ म्हणून गाडी परत देतो. रस्त्यावरच्या वापराला पुढे उणे १ अंश कॅम्बर (चाकाचा उभा कल), मागे उणे दीड, पुढे एकूण दीड मिमी आणि मागे तीन मिमी टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली) चांगले जमते. टो जास्त राहिला तर खोल नक्षीचे ब्लॉक एका बाजूने करवतीसारखे झिजतात आणि काही महिन्यांत टायर घोंघावू लागतो.

पहिले ३००-५०० किमी सबुरीने चालवा. साच्यातून काढताना लावलेला निसरडा थर तोवर निघून जातो. हवा २६ पासून सुरू करा. स्टीअरिंग सुस्त वाटले तर एकेक पीएसआय वाढवत २९ पर्यंत जा, पुढे नको. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की हवा एक पीएसआयने कमी होते, म्हणून ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये नक्की मोजा. गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवा, म्हणजे टायर एका जागी बसणार नाहीत, आणि वसंतात पहिल्यांदा बाहेर काढण्याआधी हवा पुन्हा २६ वर आणा.