बर्लिन पायाखाली घालताना: नव्यानं आलेल्यांसाठी

बर्लिनमध्ये नव्यानं आलेली बहुतेक माणसं पहिलं वर्ष फोनमधल्या निळ्या ठिपक्यामागे चालण्यात घालवतात. घर, ऑफिस, भारतीय वाणसामानाचं दुकान आणि परत घर. मग एखाद्या शनिवारी नेहमीची गाडी बंद असते, फोन तीन बदल सुचवतो, आणि आपण नक्की शहराच्या कुठल्या बाजूला उभे आहोत हेच कळत नाही. हे शहर बृहन्मुंबईपेक्षा क्षेत्रफळानं मोठं आहे आणि त्याला एकच असा मध्यभाग नाही, त्यामुळे 'स्टेशनपासून सुरुवात करू' हा हिशेब इथे चालत नाही. मात्र शहराचा सांगाडा सोपा आहे. तो डोक्यात बसवायला दोन-तीन रविवार पुरतात, आणि ते पहिल्याच महिन्यात द्यावेत.

सांगाडा तीन रेषांचा. पहिली रिंगबान, म्हणजे शहराच्या आतल्या भागाला वेढा घालणारी एस-बान, इथली लोकल. २७ स्टेशनं, सुमारे ३७ किलोमीटर, पूर्ण फेरीला एक तास. एस४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते, एस४२ उलट. दुसरी श्टाटबान: पूर्वेच्या ओस्टक्रॉइत्सपासून पश्चिमेच्या वेस्टक्रॉइत्सपर्यंत शहर मधोमध कापत जाणारी, विटांच्या कमानींवरून धावणारी १८८२ सालची लाइन. हिच्यावर एस३, एस५, एस७ आणि एस९ धावतात. तिसरी उत्तर-दक्षिण बोगदा: वर गेझुंडब्रुनेन, खाली यॉर्कश्ट्रासे, गाड्या एस१, एस२, एस२५ आणि एस२६. श्टाटबान आणि बोगदा एकमेकांना फ्रीडरिशश्ट्रासेला छेदतात, श्टाटबान वर आणि बोगदा जमिनीखाली. ही पाच नावं कागदावर स्वतःच्या हातानं काढा: ओस्टक्रॉइत्स, वेस्टक्रॉइत्स, गेझुंडब्रुनेन, दक्षिणेचं झ्यूडक्रॉइत्स आणि मधलं फ्रीडरिशश्ट्रासे. पुढे कुणीही कुठलाही पत्ता सांगितला की तो या पाचांपैकी कोणाच्या जवळ, एवढंच विचारायचं.

मुंबईच्या लोकलमध्ये बोरिवली की विरार हे पाहून चढणाऱ्याला इथली पद्धत पटकन जमते, कारण फलाटावर दिशा शेवटच्या स्टेशनच्या नावानंच लिहिलेली असते. यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, बऱ्याच स्टेशनांत दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच मधल्या फलाटाच्या दोन बाजूंना लागतात, म्हणून जिना उतरल्यावर आधी शेवटचं स्टेशन वाचा, मग वळा. अपवाद रिंगचा. तिला शेवटचं स्टेशनच नाही, पाटीवर नुसतं 'रिंग' दिसतं. तिथे क्रमांकच पाहावा लागतो, ४१ की ४२. चुकून उलट्या गाडीत बसलात तर घाबरू नका, पुढच्या स्टेशनवर उतरून समोरची गाडी घ्या. घोषणेत 'यू' ऐवजी 'ऊ' ऐकू येईल, गाडी तीच.

काही स्टेशनं फसवी आहेत. यॉर्कश्ट्रासेला एस१ चं स्टेशन वेगळं आणि एस२ चं वेगळं, मध्ये रस्त्यानं चालावं लागतं. हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनला, लांब पल्ल्याच्या गाड्या दोन मजल्यांवर लागतात, १ ते ८ तळाशी आणि ११ ते १४ सगळ्यात वर. फलाट बदलला तर सामानासकट लिफ्टसाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा. श्टाटमिटेला यू२ आणि यू६ यांच्यामध्ये लांबलचक बोगदा आहे, त्यामुळे नकाशावरचा 'बदल' तिथे खरोखरची चाल ठरतो. गाड्या कधी आखूडही येतात आणि फलाटाचा टोकाचा भाग रिकामा राहतो. म्हणून फलाटाच्या मध्यावर उभं राहायची सवय लावा. दारं बऱ्याच गाड्यांत आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं.

आता तिकीट. स्टेशनवर फाटक नाही, कोणी अडवत नाही, आणि नेमकं इथेच नवीन माणूस अडकतो. झोन तीन: रिंगच्या आतलं ए, तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी, आणि हद्दीबाहेरचं सी. विमानतळ आणि पॉट्सडाम सीमध्ये येतात. रोजच्या फिरण्याला एबी पुरतं, पण भारतातून येणाऱ्या आई-बाबांना आणायला एबीच्या तिकिटावर विमानतळाला गेलात तर ते विनातिकीट धरतात. एबीचं तिकीट हातात असेल तर फक्त सी झोनचं जोडतिकीट मिळतं, ते आधीच घ्या. विमानतळाकडे जाताना आणखी एक सांगायलाच हवं: एस९ आणि एस४५ आधी शोनेफेल्डला थांबतात. विमानतळाचं जुनं स्टेशन ते. तिथे उतरू नका, शेवटचं स्टेशन येईपर्यंत बसून राहा.

एकेरी तिकीट शिक्का मारल्यापासून दोन तास चालतं, गाड्या हव्या तितक्या बदला, पण एकाच दिशेनं. त्याच तिकिटावर परत फिरणं किंवा गोल फेरी मारणं चालत नाही. जवळच्या अंतराचं स्वस्त तिकीट, कुर्त्सश्ट्रेके, एस-बान आणि यू-बानवर तीन स्टेशनांपर्यंत चालतं आणि त्यात गाडी बदलता येते. बस किंवा ट्रामवर ते सहा थांब्यांपर्यंत चालतं, पण बदल न करता. फलाटावरच्या यंत्रातून घेतलेल्या कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्याच छोट्या पेटीत शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसल्यासारखंच. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दारं बंद झाली की ओळखपत्र काढतात. दंड ६० युरो, आणि 'मी नवीन आहे' हे कारण चालत नाही. अॅपमधलं तिकीट गाडीत पाय ठेवायच्या आधी घेतलेलं असलं पाहिजे. तपासनीस दिसल्यावर घेतलेलं तिकीट त्यांना वेळेवरून लगेच कळतं. बसमध्ये पुढच्या दारानं चढून चालकाला तिकीट दाखवायचं. चालकाकडे रोख पैसे चालत नाहीत.

इथे राहायला आला असाल तर आकडेमोड फार करू नका, डॉइचलांडटिकेट घ्या. २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे, आणि एबीचं एकेरी तिकीट चार युरोच्या घरात. म्हणजे आठवड्यातून चार-पाच वेळा घराबाहेर पडणाऱ्यालाही तेच परवडतं. त्यात तिन्ही झोन येतात, शिवाय देशभरच्या प्रादेशिक गाड्या आणि इतर शहरांतल्या बस-ट्राम. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र नाहीत. ते मासिक वर्गणीवर चालतं आणि कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे मोजलं जातं. महिनाअखेर बंद करायचं असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. दोन महिने भारतात जाणार असाल तर ही तारीख विसरू नका. तिकीट नावावरचं असतं, नवऱ्याचं बायकोला चालत नाही, आणि सोबत ओळखपत्र लागतं. फोनची बॅटरी संपली आणि तपासणी झाली तर पावती फाडली जाते, पण नंतर मुदतीत वैध तिकीट दाखवलं की ६० चे ७ युरो होतात. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. बर्लिनच्या शाळेत नाव घातलेल्या मुलांना २०१९ पासून एबीचा पास मोफत मिळतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात शाळेत विचारा.

गाडीतून उतरून घर शोधायला लागलात की खरी गंमत सुरू होते. बर्लिनच्या जुन्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक सम-विषम नसतात. रस्त्याच्या एका बाजूनं १, २, ३ असे ओळीनं टोकापर्यंत जातात आणि मग समोरच्या बाजूनं उलटे परत येतात. १७९९ पासूनची ही पद्धत. त्यामुळे १२ क्रमांकाच्या समोर १८० असू शकतो, आणि १३ शोधायला रस्ता ओलांडलात की चुकलात. नव्या रस्त्यांवर सम-विषम आहे, म्हणून पहिल्या दोन घरांचे क्रमांक वाचून कुठली पद्धत ते ठरवा. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या नावाच्या पाटीवर त्या टप्प्यात कुठून कुठपर्यंतचे क्रमांक येतात तेही लिहिलेलं असतं. ती पाटी वाचणारा माणूस फोन न काढता पोचतो.

दुसरी अडचण नावांची. बर्लिन १९२० मध्ये अनेक गावं आणि नगरं जोडून मोठं झालं, आणि त्यांची रस्त्यांची नावं तशीच राहिली. बर्लिनर श्ट्रासे, बानहोफश्ट्रासे, हाउप्टश्ट्रासे ही नावं वेगवेगळ्या भागांत पुन्हा पुन्हा येतात. पत्ता घेताना पाच आकडी पिनकोड घ्या, नाहीतर घर पाहायला गेलेला माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. आणि फ्लॅट क्रमांक शोधू नका, तो बहुतेक इमारतींत नसतोच. बेलच्या पाटीवर आडनाव असतं, तेच दाबायचं. पत्त्यात 'हिंटरहाउस' असेल तर घर मागच्या इमारतीत, मधल्या अंगणातून आत. 'झाइटेनफ्ल्यूगेल' असेल तर बाजूच्या पाखेत. तुम्ही भाड्यानं राहायला गेलात की बेलवर आणि टपालपेटीवर त्याच दिवशी आपलं नाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि त्यात बँकेचं कार्डही असू शकतं.

पायी चालताना सगळ्यात मोठा धोका मोटारींचा नाही, सायकलींचा आहे. फुटपाथवरची लाल फरश्यांची पट्टी सायकलवाल्यांची. गप्पांच्या नादात तिच्यावर गेलात की घंटी वाजते, आणि सायकलवाला वेग कमी करेलच असं नाही. लाल सिग्नल पायी तोडला तर ५ युरो दंड. पण शेजारी लहान मूल उभं असेल तर दंडाचा विचारच सोडा, थांबा. इथली माणसं याबद्दल बोलून दाखवतात, आणि ते योग्यच आहे. हिरवा दिवा रुंद रस्त्यावर अर्ध्या वाटेत लाल होतो. परत फिरू नका, सरळ पलीकडे जा.

मध्यवर्ती भागात कधी गाडी घ्यायचीच नाही, हेही शिकावं लागतं. यू-बानची स्टेशनं सरासरी आठशे मीटरवर असतात. जिना, फलाट, वाट पाहणं, पुन्हा जिना यांत जातो तेवढ्या वेळात एक स्टेशन चालून होतं. उंटर डेन लिंडेनपासून ब्रांडेनबुर्गर टोरला यू५ नं जाऊ नका. त्याउलट रिंगच्या बाहेर स्टेशनं दूरदूर आहेत, तिथे शेवटच्या टप्प्याची बस आधी पाहून ठेवा. ट्राम मुख्यतः पूर्व बाजूला आहेत, कारण पश्चिम बर्लिननं १९६७ पर्यंत आपल्या ट्राम बंद केल्या होत्या. ज्यांच्या क्रमांकाआधी 'एम' आहे त्या ट्राम आणि बस रात्रभर धावतात. यू-बान (यू४ सोडून) शुक्रवार-शनिवारच्या रात्री बंद होत नाही. इतर दिवशी ती साधारण एक ते साडेचारच्या दरम्यान थांबते आणि तिच्या जागी त्याच क्रमांकाच्या 'एन' बस येतात, यू८ ऐवजी एन८.

रुळांची कामं शनिवार-रविवारी हमखास असतात. पाटीवर 'एरझात्सफेरकेअर' दिसलं की समजा, मधल्या टप्प्यात बदली बस आहे. तिचा थांबा स्टेशनच्या दारातच असेल असं नाही. जमिनीवरच्या आणि खांबांवरच्या खुणा पाहत जा, आणि प्रवासात किमान वीस मिनिटं जास्त धरा. विमान गाठायचं असेल तर चाळीस.

पहिल्या रविवारी रिंगची पूर्ण फेरी मारा, खिडकीशी बसून. मग अलेक्झांडरप्लाट्सपासून झूपर्यंत १०० क्रमांकाची बस, वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर. ती साधी शहर बस आहे, तुमचं नेहमीचं तिकीट चालतं, आणि राइशटाग, ब्रांडेनबुर्गर टोर, टियरगार्टन सगळं वाटेत येतं. परतीला श्टाटबान घ्या, तेच शहर दुसऱ्या बाजूनं दिसेल.

दुसरा रविवार नॉर्डबानहोफचा. स्टेशनच्या आतच भिंतीच्या काळात बंद पडलेल्या स्टेशनांबद्दलचं प्रदर्शन आहे. १९६१ नंतर पश्चिमेच्या गाड्या पूर्व बर्लिनखालून इथे न थांबता जात. बाहेर आलात की बेर्नाउअर श्ट्रासेवरचं भिंतीचं स्मारक, विनामूल्य, पायी पाहायचं. रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ दिसली की ती भिंतीची जागा. शहरात फिरताना ती वारंवार भेटते, आणि एखाद्या भागात ट्राम का आहे आणि दोन चौकांपलीकडे का नाही, हे तिच्यामुळे कळायला लागतं.

तिसरा रविवार मराठी माणसानं डालेम भागासाठी ठेवावा असं मनापासून वाटतं. रिंगनं हायडेलबर्गर प्लाट्सला या. तिथलं १९१३ चं यू-बान स्टेशन उंच कमानींचं आहे, दोन मिनिटं थांबून छताकडे पाहा. यू३ नं क्रुमे लांकेच्या दिशेनं 'फ्राये उनिवेर्झिटेट'ला उतरा. पाच-सात मिनिटांवर ईनेश्ट्रासे २२ ही इमारत आहे. इथे तेव्हा मानववंशशास्त्राची कायझर विल्हेल्म संस्था होती आणि इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस इथेच शिकल्या. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवरच्या आपल्या प्रबंधात त्यांनी वंशाशी तिचा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला, आणि तोही ऑयगेन फिशर या वंशवादी संचालकाच्या हाताखाली. दारावरची पाटी या संस्थेनं नंतर नाझी काळात काय केलं ते सांगते. इमारत आता विद्यापीठाची आहे.

तिथून पुन्हा यू३ नं तिसरं स्टेशन क्रुमे लांके, शेवटचं. फिशरह्यूटेनश्ट्रासेनं चालत त्याच नावाच्या तळ्यावर, तळ्याच्या काठानं पुढच्या श्लाख्टेनझे तळ्यापर्यंत, आणि त्याच नावाच्या स्टेशनवरून एस१ सरळ फ्रीडरिशश्ट्रासेला आणते. सगळं एबीमध्ये बसतं. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा डबा आणि पाणी घरूनच घ्या. डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, म्हणून हिवाळ्यात दुपारी बारापर्यंत घरातून निघा. तळ्याकाठची वाट मातीची आहे. बर्फ वितळून पुन्हा गोठलं असेल तर ही चाल सोडून द्या, श्लाख्टेनझेला एस१ नंच जा आणि काठावर जमेल तेवढंच फिरा.