व्हिडिओची क्लिप कापताना या चुका टाळा

लांब व्हिडिओतला हवा तेवढा तुकडा कापून वेगळा ठेवणे हे दहा मिनिटांचे काम. तरीही त्यात पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसतात, कारण ‘सेव्ह’ दाबल्यावर सॉफ्टवेअर नेमके काय करते हे फारसे कुणी बघत नाही. ते दोनपैकी एक काम करते. एकतर मूळ डेटा जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवते, नाहीतर प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एकेक चित्र, उलगडून पुन्हा एनकोड करते, म्हणजे नव्याने दाबून साठवते. पहिल्या पद्धतीत, म्हणजे कॉपी मोडमध्ये, काही सेकंदांत काम होते आणि दर्जाला धक्का लागत नाही, पण काप हव्या त्या फ्रेमवर बसेलच असे नाही. दुसरीत काप अचूक बसतो, मात्र वेळ लागतो आणि दर्जा थोडा उतरतो. लॉसलेसकट आणि कॉपी मोडमधले एव्हीडेमक्स ही पहिल्या पद्धतीची, शॉटकट आणि ओपनशॉट दुसऱ्या पद्धतीची. आपल्या हातातले सॉफ्टवेअर कोणत्या गटातले, हे आधी माहीत करून घ्या.

की-फ्रेम न बघता कापणे

एच.२६४ सारख्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण चित्र असते, ती की-फ्रेम. तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये मुख्यतः आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच लिहिलेले असते. एक्स२६४ या एनकोडरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर पडू शकते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ते १० सेकंद झाले. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये चित्र फारसे बदलत नाही, त्यामुळे तिथे असे लांब अंतर नेहमी सापडते.

कॉपी मोडमध्ये दोन की-फ्रेमच्या मधोमध काप दिला, तर तिथे उभे राहायला पूर्ण चित्रच नसते. मग क्लिप उघडताच आवाज सुरू होतो आणि चित्र गोठलेले, करडे किंवा चौकोनांनी फाटलेले दिसते. पुढची की-फ्रेम आली की सगळे एकदम ठीक. लोक याचा दोष ग्राफिक्स कार्डला देतात, प्लेअर बदलतात, कोडेक पॅक टाकतात. दोष कापाच्या जागेत असतो.

याहून वाईट प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. एका प्रशिक्षणासाठी केलेल्या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला रेकॉर्ड करणाऱ्याचा मेलबॉक्स उघडा राहिला होता. तेवढा भाग कॉपी मोडमध्ये कापला, स्वतःच्या संगणकावर क्लिप चालवून पाहिली, मेलबॉक्स गेलेला होता. तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लागली तेव्हा पहिले सात सेकंद मेलबॉक्स सगळ्यांसमोर. झाले असे, की सॉफ्टवेअरने कापाच्या आधीच्या की-फ्रेमपासूनचा सगळा डेटा नव्या एमपी४मध्ये घेतला आणि ‘यातले पहिले सात सेकंद दाखवू नका’ अशी सूचना सोबत लिहिली. ही सूचना एडिट लिस्टमध्ये असते. जो प्लेअर ती पाळतो त्यात काप बरोबर दिसतो, जो पाळत नाही तो सगळे दाखवतो. म्हणून कापलेल्या भागात पासवर्ड, पत्ता, फोन नंबर असे काही असेल, तर कॉपी मोड वापरूच नका. पुन्हा एनकोड करा, पाच मिनिटे जास्त जाऊ द्या.

बाकी कामांसाठी कॉपी मोड उत्तम आहे, फक्त सुरुवात की-फ्रेमवर हवी. एव्हीडेमक्समध्ये डाव्या-उजव्या बाणांनी एकेक फ्रेम सरकते आणि वर-खालच्या बाणांनी थेट की-फ्रेमवर उडी बसते. खाली फ्रेमचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘आय’, म्हणजे की-फ्रेम, दिसेल तेव्हाच सुरुवातीची ‘ए’ खूण लावायची. हवी ती जागा दोन की-फ्रेमच्या मध्ये येत असेल, तर मागची की-फ्रेम घ्या. क्लिपच्या आरंभी दोन सेकंद जास्त राहिले तर काही बिघडत नाही, पहिला शब्द अर्धा तुटला तर क्लिप वाया जाते. शेवटीही सेकंदभर जागा सोडावी. अगदी शब्दाला चिकटून कापण्याची हौस नवख्यांना फार असते, आणि मग पुढे फेड द्यायला, म्हणजे चित्र-आवाज हळूहळू मंद करायला, जागाच उरत नाही.

प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे व्हिडिओ सेव्ह झाला असे समजणे

शॉटकटमध्ये ‘सेव्ह’ केल्यावर तयार होते ती .एमएलटी फाइल. तिच्यात एकही चित्र नसते. कोणती फाइल कुठे ठेवली आहे, कुठून कुठपर्यंत कापायची, एवढी यादी असते. ती काही केबींची असते, त्यावरूनच ओळखू यावी. लोक तीच पाठवून देतात आणि वर मूळ फुटेज ‘आता लागणार नाही’ म्हणून पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडतो, पण फाइल सापडत नाहीत. व्हिडिओ हवा तर ‘एक्सपोर्ट’मध्ये जाऊन तो एक्सपोर्ट करावा लागतो. मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल पहिल्यापासून एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि हलवायचे असेल तेव्हा अख्खा फोल्डर हलवा. मूळ फाइलला ‘रीड-ओन्ली’ करून ठेवणे ही आणखी एक चांगली सवय. चुकून त्याच नावाने सेव्ह करायला गेलात तर सॉफ्टवेअर सहसा अडते.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत

मोबाईलचा कॅमेरा बऱ्याचदा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला की सेकंदाला ३०च्या जागी २४-२५ फ्रेम घेतो. एडिटर मात्र ३० धरून चालला, तर सुरुवातीला सगळे जुळते आणि वीस मिनिटांनंतर आवाज वेगळीकडे, ओठ वेगळीकडे. फरक वाढत जात असेल तर कारण हेच समजा. पहिल्या सेकंदापासून सारखाच फरक असेल तर प्रकरण वेगळे, तिथे ऑडिओ तेवढा सरकवला की काम होते. कापायच्या आधी फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ दिसला, तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक फ्रेम रेट आणि ‘कॉन्स्टंट’ निवडून, आरएफ हा दर्जाचा आकडा १८ ठेवून नवी फाइल बनवा आणि तीच कापा. आधी कापून मग आवाज ओढत बसणाऱ्यांचे अर्धा दिवसाचे काम असेच वाढते.

पुन्हा पुन्हा एक्सपोर्ट

आज सुरुवात कापली, एक्सपोर्ट. उद्या त्याच एक्सपोर्टचा शेवट कापला, पुन्हा एक्सपोर्ट. परवा त्यावर नाव टाकले. हे तीनदा एनकोडिंग झाले आणि दर वेळी सावल्यांमधले बारकावे पुसट होत गेले. सगळे काप एकाच प्रोजेक्टमध्ये, मूळ फाइलवरूनच करा.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, वाढवून गेलेला दर्जा परत येत नाही. सेकंदाला ८ मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० एमबी घेतो. तोच ४० मेगाबिटवर एक्सपोर्ट केला तर मिनिटाला ३०० एमबी होतात आणि चित्र तसेच राहते. बिटरेटशी खेळण्यापेक्षा एच.२६४ला सीआरएफ हा दर्जाचा आकडा १८ ते २० द्यावा.

आणखी काही

.एमकेव्हीचे नाव बदलून .एमपी४ लिहिल्याने फाइल बदलत नाही, फक्त नाव बदलते.

एक्सपोर्ट थेट पेन ड्राइव्हवर करू नका. एमपी४ची सूची सहसा शेवटी लिहिली जाते. मध्येच ड्राइव्ह निघाला किंवा प्रोग्रॅम बंद पडला, तर दोन जीबीची फाइलही उघडत नाही. आधी हार्ड डिस्कवर, मग कॉपी.

मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर जागा मोजण्याआधी फॉरमॅट बघा. एफएटी३२मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट केल्यावर जाते, पण फॉरमॅट करताना ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा आतले आधी काढून घ्या.

तयार क्लिप दोन वेगवेगळ्या प्लेअरमध्ये लावून पहिले दहा सेकंद, मधला एखादा भाग आणि शेवटचे दहा सेकंद बघा. मूळ फाइल हे सगळे झाल्यावरच हलवायची.